दोन्या युफेमियाची जागा

"दोन्या युफेमिया, तुम्ही जिवंत आहात ना?"

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती. गेल्याच महिन्यात मी अठरा वर्षं पूर्ण केली होती, शाळेच्या धावण्याच्या संघाची कप्तान झाले होते आणि एकंदरीत मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. तेव्हा दुपारच्या जेवणाच्या रांगेत, हातात ताट धरून, मी सरळ विचारलं. मागे ब्रीसा माझ्या दप्तराआड तोंड लपवून खिदळत होती.

आमच्यात वयानं मोठ्या बाईला दोन्या म्हणतात; या दोन्या युफेमिया बावीस वर्षं आमच्या शाळेत जेवण वाढतात. त्यांनी माझ्या ताटात पळीभर राजमा घातला.

"आज गुरुवार ना? मग जिवंत आहे. कुणी विचारायला लावलं?"

"ब्रीसानं."

"तिला सांग, मेलेली माणसं दुसऱ्यांदा भात वाढत नाहीत. मी वाढते. घरचा डबा कशाला आणतेस म्हणावं."

झालं होतं असं. मक्याची कापणी चालू असल्यानं शेतरस्त्यावर ट्रकच ट्रक, म्हणून मंगळवारी सरांनी आम्हाला गावाबाहेरच्या दफनभूमीतून पळवलं. तिथले सगळे दगड ओल्सन, नोव्हाक, शूमाकर अशा जुन्या गोऱ्या घराण्यांचे. आणि शेवटच्या वळणावर, कुंपणाला लागून, एक कोरा करकरीत दगड: युफेमिया बारागान, १९५६, पुढे एक आडवी रेघ आणि पुढे काहीच नाही. ब्रीसा जागच्या जागी थांबली, छातीवर क्रूस काढला आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं शाळेचं जेवण बंद.

मला मात्र हसू येईना. अमेरिकेतल्या या गावात आम्ही मेक्सिकोहून आलेले आता निम्म्याहून जास्त. बेकरी आपली, टायरवाला आपला, बारापैकी आठ वर्गांत आपलीच पोरं जास्त, नगरपालिकेत तीन जण आपले. आणि दफनभूमीत फक्त एक, तीही अजून जिवंत. कारण आपलं माणूस गेलं की ते मेक्सिकोला, आपापल्या गावी जातं. ते पोचवण्यासाठी मंडळ आहे आणि मंडळाचे अध्यक्ष माझे पप्पा. आजवर एकतीस जण पोचवले. "या गोठलेल्या मातीत आपलं एकही माणूस सोडलं नाही," हे वाक्य पप्पा लग्नांतसुद्धा म्हणतात.

शाळा सुटल्यावर मी स्वयंपाकघरात डोकावले. दोन्या युफेमिया एकट्याच मोठी पातेली घासत होत्या. उजवा हात त्यांचा नीट मिटत नाही. शाळेत येण्याआधी अकरा वर्षं त्यांनी मांसाच्या कारखान्यात सुरी चालवली.

"पैज तर जिंकलीस. आता काय?"

"खरंच विचारते. तुमचा दगड तिथे का?"

"पातेलं पूस आधी."

मी पुसायला लागले.

"माझ्या नवऱ्याला, क्रिसांतोला तुझ्या पप्पांनीच पोचवलं," त्या म्हणाल्या. "चांगलं काम केलं, मी नावं ठेवत नाही. पेटी विमानात चढली आणि मी काचेच्या अलीकडे. इथे राहायचे कागद नव्हते. गेले असते तर परत येता आलं नसतं आणि त्याच्या आईची औषधं माझ्या नोकरीवर चालायची. नऊ वर्षांनी कागद झाले. पहिल्यांदा गेले ती त्याच्याकडेच. दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला. सगळं सासर कबरीभोवती बसलेलं, झेंडूची फुलं, जेवण, गाणी. नणंदेनं मला खुर्ची दिली."

"मग बरंच केलं की."

"बाकी सगळ्या जमिनीवर बसल्या होत्या, यारेली. खुर्ची पाहुण्याला देतात."

मी पातेलं पुसतच राहिले. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"मला तिथे नेलं ना, तर मी मेल्यावरही खुर्चीवरच."

"पण आता दगड बसलाय. आता कोण नेणार?"

त्यांनी एप्रनच्या खिशातून नगरपालिकेचा घडी घातलेला कागद काढला, दफनभूमीतल्या जागेचा. शेवटच्या पानावर एकच ओळ रिकामी होती: मागे कुणाला कळवायचं. माणूस याच जिल्ह्यातला हवा, सज्ञान हवा. उद्या चारपर्यंत ती भरून दिली नाही तर जागेची नोंद पक्की होत नाही. मग पुढे कधी काही झालं की जवळचा नातेवाईक शोधणार. म्हणजे नणंद. नणंद मंडळाला फोन करणार. आणि मंडळ म्हणजे आमचं घर.

"कुणीच नाही?"

"रामिरोला विचारलं. दुसरीत होता तेव्हा रोज दोनदा दूध मागायचा, आता नगरसेवक आहे. मतं मागायला आला तेव्हा म्हणाला, तुम्ही मला आईसारख्या. दिलं मत. काल म्हणाला, दोन्या, मंडळाला दुखवून कसं चालेल, पुढच्या वर्षी निवडणूक आहे." त्या हसल्या. "बरोबर आहे त्याचं. माझं मत एकच. मंडळ म्हणजे तीनशे घरं."

मी पातेलं फळीवर ठेवलं. त्यांनी मला विचारलं नाही. कागद खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "जा, तुझी पळायची वेळ झाली."

शुक्रवारी मी सराव बुडवला. साडेतीनला नगरपालिकेत पोचले तर बाकावर दोन्या युफेमिया, कोटाखाली शाळेचा एप्रन तसाच.

"मी फक्त सांगायला आलेय की माणूस मिळालं नाही," त्या म्हणाल्या. "न सांगता राहणं बरं दिसत नाही."

"द्या इकडे."

"तुझे पप्पा?"

"ते अठराच्या वर आहेत, पण त्यांना नको असेल."

"चेष्टा नको. तू शिकायला लांब जाशील."

"फोन घेऊन जाईन ना. दोन तासांच्या अंतरावर कॉलेज आहे, चंद्रावर नाही."

त्यांनी एप्रनच्या खिशात हात घातला. मग कागद दिला. खिडकीमागे येसेनिया बसते. आमच्या आयांच्या काळात या खिडकीशी बोलायला कुणाची तरी इंग्रजी बोलणारी पोर सोबत न्यावी लागायची. येसेनिया आता दोन्ही भाषांत सारखीच खेकसते.

"नातं लिही," ती म्हणाली. "मोकळं सोडता येत नाही."

मी विचार केला आणि लिहिलं: यांच्या हातचं जेवलेली. येसेनियानं ते वाचलं. शिक्का मारला.

घरी सोडते म्हटलं तर दोन्या युफेमिया नको म्हणाल्या. कारखान्याची पाळी सुटली होती. रस्त्यानं गाड्यांची रांग, सगळ्या आपल्याच लोकांच्या, त्यातल्या निम्म्यांना तरी त्यांनी कधीतरी वाढलेलं. त्या कडेकडेनं, कोट गळ्याशी धरून चालत राहिल्या. एकही गाडी थांबली नाही.

जेवताना पप्पा खुशीत होते. आई तव्यावरून पोळ्या काढत होती.

"रविवारी मंडळाची बैठक आहे," पप्पा म्हणाले. "त्या युफेमियाचाही विषय घेतोय. म्हातारीनं दगड बसवला म्हणून काय झालं. तिच्या नणंदेला आत्ताच कळवून ठेवतो, म्हणजे वेळेला धावपळ नको."

"बिचारी," आई म्हणाली. "इथे तिचं आहे तरी कोण."

मी घास खाली ठेवला.

"पप्पा, आई, त्यांच्या कागदावर मी माझं नाव दिलंय. आज. शिक्का झालाय. त्यांच्या नणंदेला फोन करू नका. आणि पुढे कधी तिकडून फोन आलाच, तर कुणीही काही ठरवायचं नाही. आधी मला विचारायचं."