शब्दाखालची टिंबं

त्या पत्राला मी कधी उत्तर दिलं नाही, अशी आज सकाळपर्यंत माझी समजूत होती. ते खणात कुठेतरी तळाशी असेल आणि माझ्यामागे कुणीतरी रद्दीत घालील, असं मी धरून चाललो होतो. तेच पत्र एका माणसाने शर्टाच्या खिशातून काढून माझ्यापुढे धरलं.

दार ताईने उघडलं होतं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. बायको गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. आत येऊन म्हणाली, "अरे, तुझ्याकडे कोणीतरी आलंय. पुस्तकातून डोकं काढ जरा."

दारात एक म्हातारा टोपी हातात चुरगाळत उभा होता. "ओळखलं नाही ना, साहेब? दुधाच्या गाडीवरचा ड्रायव्हर मी."

ओळखलं. गाडी मागे घेताना त्याने वळून पाहिलं नव्हतं, आणि मागे सायकल शिकणारा आमचा मुलगा होता. आमचा एकुलता एक.

ताई "बसा" म्हणता म्हणता थांबली. तिलाही कळलं होतं.

पत्र त्याने तुरुंगातून सुटल्यावर लिहिलं होतं. 'देवाकडे मागितली, आता तुमच्याकडे मागतो. मला शमा करा.' मी छापखान्यातला मुद्रितशोधक. ते आलं तेव्हा लाल पेन हातातच होतं. सवयीने 'शमा'चं 'क्षमा' केलं. मग कुणाचं शुद्धलेखन सुधारतो आहोत हे ध्यानात आलं आणि मी ते वाक्यच लाल रेघ ओढून छाटलं, कागद फाटेपर्यंत. पत्र खणात फेकलं.

"तुमचं उत्तर पोचलं होतं, साहेब," तो म्हणाला. "हेच परत आलं, पाकिटातून."

"मी नाही पाठवलं."

त्याने पाकीटही जपलं होतं. पत्ता माझ्या बायकोच्या गोल अक्षरात होता.

मी खुर्ची चाचपली आणि बसलो.

"रेघ कळली मला," तो सांगत होता. "रेघेचा अर्थ कुणालाही कळतो. आणि 'क्षमा' तेव्हापासून बरोबर लिहितो बघा. पण ही खालची टिंबं काही कळेनात. पाळकांना विचारलं, तर म्हणाले शाईचे शिंतोडे असतील. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला फिरायला लागला की मी उठून बाहेर जातो, साहेब; तुमची क्षमा मिळाल्याशिवाय तो घ्यायचा कसा? आजपर्यंत. आता गुडघे धरतात, उठताना बाक वाजतो, सगळे बघतात. म्हटलं, एकदा विचारून यावं. नाही तर नाही."

मी चष्मा लावला. छाटलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीची बारीक, सारख्या अंतरावरची टिंबं होती. शिंतोडे कसले! छाटलेला मजकूर चुकून छाटला, तो राहू द्यावा, असं सांगायला आम्ही त्याखाली टिंबं देतो. या घरात ती खूण दोघांनाच येत होती, मला आणि बायकोला. मी घरी मुद्रितं तपासायचो तेव्हा ती मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवायची. शंका पेन्सिलीत, निर्णय शाईत, हा नियम माझा. माझ्या कागदावर तिने शाई कधीच वापरली नाही.

"त्या पत्राचं काय केलंत?" तिने एकदाच विचारलं होतं. "बघू," मी म्हणालो होतो. शेवटच्या आजारात म्हणाली, "तुमचं एक वाचायचं राहिलंय हं." मी वेडा, ती त्या पत्राचं म्हणतेय हे न कळून तिच्या उशाशी बसून पुस्तक वाचत राहिलो.

आणि मी, मनात अढी ठेवून, माझ्या चर्चमध्ये दर वेळी तो प्याला घेत आलो होतो. हात न थरथरता. उठून जात होता तो हा.

"काय आहे साहेब, अर्थ?"

जन्मभर दुसऱ्यांचे शब्द तपासले. स्वतःचा वेळेवर कधी सापडला नाही. "ठेवून जा," मी म्हणालो. "कळवतो."

"कळवतो काय?" ताई भडकली. "माणूस दारात उभा आहे! तू काय सरकारी कचेरी आहेस?"

"राहू द्या, बाई. त्यांना त्रास होतोय." त्याने टोपी घातली. जिन्यावर प्रत्येक पायरीला तो थांबत होता, ते मला आत ऐकू येत होतं.

लाल पेन वाळलं होतं. झटकून झटकून चालू केलं. पेन्सिलीच्या एकेका टिंबावर शाईचं टिंब ठेवत गेलो. 'क्षमा'खालचं जरा पसरलं. समासात लिहिलं, 'राहू द्यावे.' मग वाटलं, छापखान्याची भाषा त्याला पुन्हा कळली नाही तर? म्हणून खाली साधं लिहिलं: 'माझ्या बायकोने क्षमा तेव्हाच केली होती. मी आज करतो. उशिराबद्दल मला क्षमा करा. प्याला आला की बसून राहा.'

"तिकीट लावलंस का?" ताईने दारातून विचारलं. तिचे डोळे लाल होते.

लावलं होतं. पोस्टाच्या पेटीपाशी पोचल्यावर आठवलं की पाठवणाऱ्याचं नाव घालायचं राहिलं. पाकीट पेटीवरच टेकवून मी तिथे आम्हा दोघांची नावं लिहिली, बायकोचं आधी, आणि ते आत सोडलं.