काचवाल्याच्या भिंतीवरचा शॉकअप

मी शॉकअप. बिलावर माझं नाव शॉक अ‍ॅब्सॉर्बर असं लांबलचक लिहिलं होतं, पण बिल खिशात गेल्यावर त्या नावानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. सध्या मुक्काम एका काचेच्या दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर, खिळ्याला अडकवलेला. अंगाला लाल रंग, दांडा कमरेत वाकलेला, वरची कडी तुटलेली. येणारं गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं आणि दुकानाचा मालक बोट दाखवून सांगतो, "हाच तो. खराब निघाला."

धादांत खोटं. मी खराब नव्हतो. बोलायला बसलोच आहे तर हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना मनात किंतु नको.

कारखान्यात मला बनवलं तेव्हा दाबून पाहिलं, ताणून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. एक नळी, तिच्यात तेल, तेलातून वरखाली होणारा दांडा. चाक उंचवट्यावर चढलं की मी मिटतो, खड्ड्यात उतरलं की उघडतो, आणि आतलं तेल मला घाई करू देत नाही, म्हणून गाडी उड्या मारत नाही. एवढंच माझं काम. त्याला अट एकच, मला मिटायलाही जागा हवी आणि उघडायलाही. ती संपली की माझ्यात आणि लोखंडाच्या पहारीत काही फरक उरत नाही. यात न समजण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

कारखान्यातून मी गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात आलो. मी लांब जातीतला, उचललेल्या गाड्यांसाठी बनवलेला. हल्ली लोकांना गाडी आहे त्या उंचीची आवडेनाशी झाली आहे. चाकांचा अ‍ॅक्सल आणि वरचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये ठोकळे घालून ती वर उचलून घेतात. मग जुने शॉकअप आखूड पडतात, चाक खाली लोंबलं की ताणून ताणून रडकुंडीला येतात, आणि आमच्यासारख्यांचं नशीब उघडतं. आमच्यातही कमी लांब, जास्त लांब असे प्रकार असतात. कुणाला कोणता लागेल ते गाडी ठरवते. निदान तिनं ठरवावं अशी अपेक्षा असते.

माझ्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते साडूनं ठरवलं.

हा काचवाला आणि त्याची बायको मिळून दुकान चालवायचे. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या दर्शनी काचा कापायच्या, स्वतःच्या छोट्या उघड्या ट्रकमधून न्यायच्या आणि बसवून द्यायच्या. मापं तो घ्यायचा, काच ती कापायची. काच कापायची हिरकणी हातात धरून ती एकदाच, न थांबता, वरपासून खालपर्यंत रेघ ओढायची, टेबलाच्या कडेवर हलकेच दाब द्यायची आणि काच त्या रेघेवर मोडायची. शहरातले सुतार आपली महागातली काच तिच्याकडेच आणायचे. तो स्वतः कापायचा तेव्हा चारातली एक वाया जायची, हे तो चेष्टेत सगळ्यांना सांगायचा. तिच्या उजव्या हातावर त्या घराचं पोट होतं.

तर एके दिवशी तिच्या बहिणीचा नवरा, म्हणजे याचा साडू, त्याची उचललेली गाडी घेऊन दारात आला. मोठी चाकं, लाल शॉकअप, शिडी लावून चढावं असं दार. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या आणि आमच्या काचवाल्याचा चेहरा उतरला. साडू म्हणाला, "तुमची गाडी बसली की काय हो?" एवढंसं वाक्य. पण साडूच्या तोंडचं वाक्य माणसाला किती दिवस पुरतं, ते मला आता चांगलं ठाऊक आहे. टेकडीवरच्या बांधकामाच्या रस्त्याला गाडीचं पोट घासतं, हे कारणही हाताशी होतंच. महिन्याभरात गाडी वर गेली.

आता शॉकअप बदलायचे होते. तो माप घ्यायला बसला. ऐका हं, हा काचवाला माप कसं घेतो ते. खिडकीची चौकट असली तर वर मोजेल, मध्ये मोजेल, खाली मोजेल, कारण कुठलीही चौकट सरळ नसते. मग सगळ्यांत कमी भरेल ते माप धरेल आणि त्यातूनही सूतभर कमी करून काच कापायला सांगेल, म्हणजे ती चौकटीत मोकळी बसावी. घट्ट बसलेली काच तडकते, असं तो गिऱ्हाइकांना दहादा समजावतो. असा हा माणूस. त्यानं आपल्या गाडीचं मागचं अंग जॅकवर चढवलं, चाकं हवेत लोंबू दिली, एक सुतळी वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत ताणली, गाठ मारली आणि खिशात घातली. झालं माप. रिकाम्या गाडीचं, चाकं लोंबत असताना घेतलेलं.

ती सुतळी घेऊन दोघं आमच्या दुकानात आले. दुकानदारानं फळीवरून मला आणि एका काळ्याला खाली काढलं. काळा माझ्यापेक्षा तीन बोटं आखूड, दिसायला अगदीच सामान्य. सुतळी धरून पाहिली. काळा किंचित कमी भरला, मी किंचित जास्त.

"ही उघडी लांबी झाली," दुकानदार म्हणाला. "गाडी भरल्यावर किती जागा राहते? मिटलेली लांबी बघायला लागेल."

"भरल्यावर बसते थोडी," काचवाला म्हणाला. "दोन-चार बोटं."

"मोजलंय?"

"अंदाज आहे ना मला. माझीच गाडी आहे."

दुकानदारानं खांदे उडवले. एकदा विचारलं की त्याचं कर्तव्य संपतं. दुसऱ्यांदा विचारलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, हे त्याला पक्कं माहीत.

बायको मात्र मला हातात घेऊन बघत होती. तिनं मला टेबलावर उभं केलं आणि दोन्ही हातांनी खाली दाबलं. मी थोडा दबलो. ती म्हणाली, "अहो, याला मिटायला बरीच जागा लागेल. काचा भरल्या की आपली गाडी पार खाली येते. आधी भरून मोजू या ना."

"अगं, काचा भरायच्या, पुन्हा उतरवायच्या, नुसत्या मापासाठी? पूर्ण दिवस जाईल."

"मग हा काळा घ्या. थोडा कमी आहे पण बसेल."

"चाक लोंबलं की ताणेल तो. जास्त असलेला बरा."

"काचेला असं म्हणता का कधी?"

तो हसला. "ही काच नाही. आणि त्यांच्याकडे लालच आहेत."

त्यांच्याकडे म्हणजे साडूकडे. तिनं मला खाली ठेवलं. "घ्या मग. तुमचंच खरं करा," म्हणाली, आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काळ्याचं नाव घेतलं असतं, हे शपथेवर सांगतो. साडूच्या गाडीत सुटकेसशिवाय काही भरत नाहीत, त्याला लाल शॉकअप चालतात. काचेचं वजन कधी उचललंय तुम्ही?

मला गाडीच्या मागच्या डाव्या अंगाला लावलं, माझ्या जोडीदाराला उजव्या. रिकाम्या गाडीत आम्ही झकास चाललो. काचवाला रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांत स्वतःची गाडी बघत चालवायचा.

मग टेकडीवरच्या बांधकामाच्या काचा भरल्या. जाड, उंच, मागच्या लाकडी सांगाड्याला तिरक्या टेकवून दोरांनी आवळलेल्या. एकेक काच चढली तशी गाडी खाली बसत गेली आणि मी मिटत गेलो. शेवटची चढली तेव्हा माझ्या दांड्याला जेमतेम बोटभर जागा उरली होती. गाडी अजून दारातच होती आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. गाडीला खाली रबराचे ठोकळे असतात, गाडी फार दबली तर धक्का त्यांनी घ्यायचा. पण मी इतका लांब, की ते ठोकळे टेकायच्या आधी मीच टेकणार होतो.

काचा असल्या की बायको पुढे बसायची नाही. मागे, सांगाड्याच्या बाजूला बसायची, उजवा तळवा काचेवर ठेवून. दोर सैल झाला तर काचेचा कंप बदलतो आणि तो तिला हाताला कळायचा. नवऱ्यासाठी केबिनच्या पाठीवर टकटक करायची, एकदा म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांब. लग्न झाल्यापासून त्यांचं हे असं चालत आलं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी एक लहानसा खड्डा आला. मी पुरता मिटलो आणि लोखंडावर लोखंड आदळलं. काचांना झिणझिण्या आल्या. तिनं लगेच दोनदा टकटक केली. तो थांबला, उतरला, खाली वाकून बघितलं.

"काय झालं?"

"खालून काहीतरी आपटलं. काचेत आला तो हादरा."

त्यानं गाडीचं अंग हातानं दाबून पाहिलं. "नवीन आहेत. रुळायला वेळ लागतो."

"थोड्या काचा उतरवून ठेवू या का इथे? दोन फेऱ्या करू."

"आता कशाला? आलोच की वर."

सावकाश चालवली त्यानं, खोटं कशाला सांगू. पण बांधकामाच्या फाटकापाशी पाण्याच्या नळासाठी आडवा चर खणला होता. मागची चाकं त्यातून वर आली आणि मी आदळलो. या खेपेला माझा दांडा वाकला, वरची कडी तुटली, गाडीचं मागचं अंग उसळलं. बाहेरची काच तडकली आणि तिच्या तळव्यावरून, मनगटापर्यंत, सरकत गेली.

ती ओरडली नाही. दुसऱ्या हातानं तिनं टकटक केली. त्यानं वळून बघितलं तेव्हा कुठे त्याला कळलं.

डॉक्टरांनी हात शिवला. बोटांकडे जाणाऱ्या शिरा जोडल्या, जखम भरली, पण अंगठा आणि पुढची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. कपबशी धरता येते, बटण लावता येतं, फार प्रयत्नानं. हिरकणी धरता येत नाही. ती धरायला जो दाब लागतो तो त्या बोटांत राहिलेला नाही.

गॅरेजच्या मेस्त्रीनं मला सोडवलं तेव्हा त्यानं काचवाल्याला तोंडावर सांगितलं, "लांब झाला हो हा. गाडी भरल्यावर याला जागाच नव्हती."

काचवाल्यानं मला हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाला, "खराब निघाला म्हणायचा."

"खराब नाही, लांब."

"तेच ते."

मेस्त्रीपुढे दुसरी गाडी उभी होती. तो तिच्याखाली गेला.

आणि आता ऐका, मला खरी चीड कशाची आहे. पुढच्या आठवड्यात या माणसानं दुकानातल्या सगळ्या काचा एकट्यानं ट्रकमध्ये चढवल्या. शेजाऱ्यांना मदतीला बोलावलं नाही. घामाघूम होऊन गाडीखाली शिरला, भरल्या गाडीचं माप घेतलं, मग सगळ्या काचा उतरवून रिकाम्या गाडीचं घेतलं, आणि काळ्यांची जोडी आणली. म्हणजे कळलं होतं ना त्याला? सगळं कळलं होतं. तरी मला भिंतीवर टांगलं आणि दुकानात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली. सुताराला, टपालवाल्याला, आरसा घ्यायला आलेल्या नव्या नवरा-नवरीला. सांगताना त्याचा आवाज चढतो. कंपनीला शिव्या घालतो. शेवटी म्हणतो, "बायकोचा हात गेला याच्यापायी," आणि समोरचा माझ्याकडे अशा नजरेनं बघतो की मला खिळ्यावरून निखळून पडावंसं वाटतं.

ती त्या वेळी गल्ल्यावर बसलेली असते. आता तिचं काम तेच, पैसे घेणं आणि पुडे बांधून देणं, तेही डाव्या हातानं. तो बोलत असताना ती मान वर करत नाही. टेबलावर तो काच कापतो, अर्ध्यात थांबतो, रेघ वाकडी जाते, काच भलतीकडेच फुटते. ती डोळे मिटून घेते. सुतारही आता दुसरीकडे जायला लागले आहेत.

मला एकच दिलासा होता. तिनं मला कधी नाव ठेवलं नव्हतं. सत्य माहीत असलेलं एक माणूस या दुकानात आहे, ते रोज माझ्यासमोर बसतं, या आधारावर मी टांगून घेत होतो.

परवा तिची बहीण आली. साडू नव्हता बरोबर. काचवाला मागच्या खोलीत काचा रचत होता, दार उघडं होतं. बहिणीनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, बोटं एकेक करून सरळ केली, आणि हळूच विचारलं, "खरं सांग मला. त्यांचंच काही चुकलं ना?"

मागच्या खोलीतला आवाज थांबला. मी वाट बघत होतो. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते आता बाहेर पडणार होतं.

तिनं उघड्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, थेट, पहिल्यांदाच.

"नाही गं ताई," ती म्हणाली. "हाच खराब निघाला."

मागे काचा रचायचा आवाज पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं तो बाहेर आला, मेव्हणीला चहा विचारला, हसून बोलला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला.

तिच्यावर मी रागावू शकत नाही. तिला या माणसाबरोबर याच चार भिंतींत आयुष्य काढायचं आहे. त्याच्या आणि माझ्यापैकी एकाला दोषी ठरवायचं तर मी सोयीचा, मला घर नाही, तोंड नाही.

तुम्हाला एकच विनंती आहे. कधी काचेच्या दुकानात गेलात आणि भिंतीवर वाकडा लाल शॉकअप दिसला, तर तुमची काच घ्या आणि निघा. याचं काय झालं म्हणून विचारू नका. त्याला विचारलंत तर तो सांगेल, ते ऐकायची मला सवय झाली आहे. पण तो दुकानात नसेल, गल्ल्यावर ती एकटी असेल, तर कृपा करून तिला विचारू नका.