हत्तीटेकडीवरच्या पाच ओळी

पांढरी साडी. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर बियाण्याच्या दुकानाचं नाव.

दीडशे पोरांचं वरण : नऊ किलो तूरडाळ, मीठ ओंजळीनं, हळद अंदाजानं.

नांदेड ते लातूर. एक पूर्ण, एक अर्धं.

सुतळीनं बांधलेलं मनगटी घड्याळ.

पूर्वी हत्तीटेकडीवर चालत जाता यायचं.

"बरं झालं, बाबांच्या जेवणाची सोय झाली."

*

शेवटचं वाक्य पंचशीलाचं, म्हणजे निवृत्तीच्या मुलीचं. चांगल्या मनानंच म्हणाली ती. एकसष्ट वर्षांचा निवृत्ती आणि अठ्ठावन्न वर्षांची पंचफुला लग्न करू म्हणतात, तर ते कसं करायचं, यावर पंचफुलाच्या मुलाच्या घरी बैठक होती. दोघांचेही पहिले जोडीदार जाऊन बरीच वर्षं झालेली. विरोध कुणाचाच नव्हता. उलट हॉल ठरत होता. पंचफुला चहाचे कप गोळा करत होती. ते वाक्य कानावर आलं तसं तिनं कप होते तिथंच ठेवले.

तीस वर्षं ती किनवटच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. निवृत्ती किनवटच्या एसटीवर कंडक्टर. भाजीची पोती तो तिला टपावर चढवू द्यायचा, एवढ्यावरून ओळख.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला.

"कंडक्टर, पळून जाऊ."

"या वयात?"

"खरंखुरं पळायचं न्हाई. एसटीनं जायचं."

तो हसला. मग ती म्हणाली, "आन एक. बायकोच्या त्या पाच ओळी मी म्हणणार न्हाई."

बौद्ध लग्नात नवरा पाच वचनं देतो, नवरी पाच देते. नवरीचं पहिलं असं : घरातली सगळी कामं मी नीट करीन.

"अठराव्या वर्षी एकदा म्हणले. मग चाळीस वर्षं केलं. फिटलं ते."

"पण पुस्तकात तसंच हाय," निवृत्ती म्हणाला.

"मग पुस्तकासंगं करा लगीन."

तिनं फोन ठेवला नाही. त्यानंही नाही. शेवटी तो म्हणाला, "सोमवारी सकाळी स्टँडवर या. बघू."

*

नांदेडला नोंदणी पद्धतीनं. रद्द. नोटीस महिनाभर कचेरीच्या फळ्यावर राहते, आणि पंचफुलाचा मुलगा प्रेम रोज दुपारी त्याच बाजूला चहाला जातो.

लातूरच्या विहारात, निवृत्तीचा दोस्त लग्न लावतो तिथं. हे ठरलं. तिकिटं निघाली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे पंचफुला खिडकीशी ऐटीत बसली.

हा बेत लोह्यापर्यंत टिकला.

लोह्याच्या स्टँडवर शेजारच्या गाडीचा कंडक्टर ओरडत होता, कंधार, मुखेड. पंचफुलानं पिशवी उचलली.

"उतरा."

"तिकीट लातूरचं हाय," निवृत्ती म्हणाला. एकतीस वर्षं तो मध्येच उतरणाऱ्यांना हेच सांगत आला होता.

"लातूरला तुमचा दोस्त तेच पुस्तक वाचणार. आन त्याची बायको सैपाकघरातनं इच्यारणार, वैनी, जरा पोळ्या लाटू लागता का. माझ्या माहेरची टेकडी हाय मुखेडाकडं. तिथं जाऊ."

"टेकडीवर काय हाय?"

"काईच न्हाई. चूलबी न्हाई."

तो उतरला. हातातली दोन तिकिटं त्यानं सवयीनं घडी घालून खिशात ठेवली.

*

पंचफुलाच्या लहानपणी ती टेकडीच होती. बसलेल्या हत्तीसारखी, म्हणून हत्तीटेकडी. बकऱ्या चारायला चालत जायचं. मग तलाव झाला, चहूकडून पाणी आलं आणि टेकडीचं बेट झालं. आता वर काळा खडक, बाभळी, सराटे आणि पाणकावळे.

काठावर मडिवाळप्पा जाळं सोडवत होता. उदगीरकडचा म्हातारा, मासे धरून विकणारा. थर्माकोलचे ठोकळे जाळीत आवळून वर फळी टाकलेली, हा त्याचा तराफा.

"तिकडं कशाला?" त्यानं विचारलं.

"लगीन करायला," पंचफुला म्हणाली.

"कुणाचं?"

"आमचंच."

मडिवाळप्पानं दोघांकडं नीट पाहिलं. "बसा. मधी बसा. आन नवरदेव, फळी सोडा जरा, मोडताल तिला."

*

बेटावर वारा होता. बाभळीच्या आडोशाला जाऊन पंचफुला पांढरी साडी नेसून आली, तर पदराला दहा सराटे. बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो खडकाच्या खोबणीत बसला. मेणबत्ती चार वेळा विझली, मग मडिवाळप्पानं आपल्या भाकरीचा डबा रिकामा करून दिला आणि ती डब्यात टिकली.

"अक्षता?"

"आमच्यात नसतात," निवृत्ती म्हणाला.

"मग म्या काय करू?"

"साक्षीदार ऱ्हा. आन हे वाचा." नवरदेवानं आपलं लग्न आपल्याच तोंडानं लावायचं नाही, हा निवृत्तीचा नियम. त्यानं छोटं पुस्तक पुढं केलं. मडिवाळप्पाला चष्मा नव्हता, म्हणून स्वतःचा दिला.

त्रिशरण, पंचशील दोघांना पाठ होतं. ते म्हणून झालं. पाणकावळे थोडे उडाले, परत बसले. पंचफुलाचे ओठ घट्ट मिटले. आता ते पान येणार होतं. ती निवृत्तीकडं बघत नव्हती, पाण्याकडं बघत होती. तराफा आहे तिथंच होता.

मडिवाळप्पानं पान उलटलं. एक उलटायच्या ऐवजी दोन उलटली. मग निवृत्तीकडं बघून, बोट ठेवून, अक्षर अक्षर वाचलं :

"घरातली, सगळी कामं, मी, नीट करीन."

चष्म्याविना निवृत्तीला पान दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं.

"घरातली सगळी कामं मी नीट करीन," तो म्हणाला.

पंचफुलानं मान वळवली.

मडिवाळप्पानं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "थांबा. हे नवरीचं हाय वाटतं."

"माहीत हाय. वाचा फुडं."

"पुस्तकात तर..."

"पुस्तक ऱ्हाऊ द्या. वाचा."

पाचही ओळी निवृत्तीनं म्हटल्या. आल्यागेल्याची विचारपूस करीन, आळस करणार नाही, सगळ्या. न अडखळता, स्टॉपची नावं म्हणावीत तशा.

"आन माझं काय?" पंचफुलानं विचारलं.

"ऱ्हायलेलं तुमचं. नवऱ्याचं."

तिनं ते म्हटलं. मान देईन. अपमान करणार नाही. एकनिष्ठ राहीन. कारभार हाती देईन. शेवटचं दागिन्यांचं होतं, तिथं ती थांबली, त्याच्या मनगटाकडं बघितलं आणि म्हणाली, "घड्याळाला पट्टा घिऊन देते. चामड्याचा."

"झालं का?" मडिवाळप्पानं विचारलं.

"झालं."

त्यानं डबा उचलला, मेणबत्ती बाजूला काढली आणि खडकावर ठेवलेल्या भाकरीचे तीन वाटे केले. सोबत सुक्या माशाची चटणी. निवृत्तीनं वाढली.

मुखेडहून परतीची गाडी साडेपाचची होती. पाच वाजता निवृत्तीनं घड्याळ पाहिलं.

"बसू अजून थोडं," पंचफुला पदराचे सराटे काढत म्हणाली.

"बसू," तो म्हणाला.

*

त्या सोमवारच्या आधी सलग तीन दिवस निवृत्तीनं घरी एकट्यानं वरण करून बघितलं होतं, आणि तिन्ही दिवस ते करपलं होतं.