टेकवलं की झालं

मोबाइलचं पारदर्शक कव्हर कडेने पिवळं पडलं होतं आणि त्याच्या आत दोन कार्डं पाठीला पाठ लावून बसली होती — तिचं हिरवं, आणि ती ज्यांची देखभाल करायची त्या म्हाताऱ्या सेऊ ओस्मारिनोंचं निळं, ज्याच्या कोपऱ्यात टेकवून पैसे देण्याच्या खुणेच्या चार वाकड्या रेघा होत्या... इव्हानिल्देने मोबाइल पालथा केला, पुन्हा उताणा केला आणि ओट्यावर ठेवून दिला. तव्यावर मासा तडतडत होता. त्यांच्या मुलाचा, क्लोव्हिसचा फोन येऊन गेल्याला अर्धा तास झाला होता.

"बाबांच्या कार्डावरून कोणीतरी पैसे मारलेत," क्लोव्हिस ब्राझिलियाहून सांगत होता. "आधी चपलांचं दुकान, मग आसाई फळाचा गर विकणारं. गर्दीत यंत्र घेऊन फिरतात हे लोक, खिशाला नुसतं टेकवतात. आकडे दाबायला नकोत, काही नको, टेकवलं की झालं! चौकातच झालं असणार. आजपासून बाबांचं चौकात जाणं बंद. आणि ते टेकवायचंही बँकेला सांगून संध्याकाळी बंद करतो मी." मग त्याचा आवाज जरा मऊ झाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तू तर घरचीच आहेस."

घरचीच. फोनवर त्याचं नाव दिसल्याबरोबर तिला वाटलं होतं, कळलं याला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तो विचारेल, आपण सांगून टाकू आणि सुटू, असं वाटलं होतं. पण त्याने विचारलंच नाही. चौकात जाताना कार्ड म्हाताऱ्याच्या खिशात, घरी आल्यावर हरवू नये म्हणून तिच्या कव्हरात — ही व्यवस्था त्याचीच, आणि तरीसुद्धा त्याला शंका शिवली नाही.

चपला राइसाच्या होत्या. लेकीचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन, पांढऱ्या चपला, पट्टीवर बारीक फूल... दुकानात रांग होती, मागची बाई घाई करत होती, आणि इव्हानिल्देने नेहमीसारखा मोबाइलच यंत्रावर टेकवला, कार्ड बाहेर न काढता. कोण काढतं? सगळं बेलें शहर असंच टेकवतं. यंत्र वाजलं. रात्री तिला स्वतःच्या बँकेचा निरोप आला नाही, तेव्हा कळलं की यंत्राने निळं कार्ड वाचलं होतं. उद्या सांगू, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हातारा खुशीत होता, म्हणून नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याला खोकला होता, म्हणून नाही. आणि त्या शनिवारी आसाईच्या दुकानासमोर — इथे मात्र मला, तिने स्वतःशी कबूल केलं, यंत्राच्या नावाने खडे फोडता येत नाहीत. मी मोबाइल फिरवला. निळी बाजू खाली येईल असा, बोटांनी चाचपून, फिरवला. कोणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंच, हात जेमतेम वीतभर पुढे गेला. पूर्वीसारखे चार आकडे दाबावे लागले असते तर? पहिल्या आकड्यालाच माझं बोट अडलं असतं... की नसतं? हे मला आता कधीच कळणार नाही.

तिने मासा उलटला. एक बाजू करपली होती.

आणि बंद काय होणार, तर म्हाताऱ्याचं ते एवढंसं सुख. चाळीस वर्षं त्यांनी नदीवर बोटी हाकल्या, पाण्याच्या रंगावरून गाळ ओळखला, आणि आता हात असे थरथरायचे की आकडे दाबताना बोट भलत्याच आकड्यावर पडायचं. मागचे लोक सुस्कारे टाकायचे. शेवटी तीच दाबायची आणि ते दुसरीकडे बघत राहायचे. मग त्यांनी चौकातल्या मित्रांना काही खिलवणंच सोडून दिलं. हे नवं कार्ड आलं त्या दिवशी दोना सिरेनेच्या ताकाका सुपाच्या गाडीवर त्यांनी ते थरथरत्याच हाताने टेकवलं, यंत्र वाजलं, आणि ते आंब्याखालच्या डोमिनोच्या टेबलाकडे वळून ओरडले, "आज माझ्याकडून! सगळ्यांना ताकाका!"

"अरे, कप्तानाला गुप्तधन सापडलं!" टेबलावरून कोणीतरी ओरडलं. "ते एकदा माझ्या कपाळाला टेकव रे, माझंही नशीब वाजू दे!"

"तुझ्या कपाळात यंत्रच नाही बसवलेलं," सेऊ ओस्मारिनो म्हणाले, आणि घरी येईपर्यंत स्वतःच्याच विनोदावर हसत राहिले. ते हसणं आठवलं आणि तिला स्वतःची किळस आली.

दुपारी ते फारसं जेवले नाहीत. करपलेल्या माशाबद्दलही काही बोलले नाहीत, एरवी आठवडाभर टोमणे मारले असते. चारला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्याने बसवून खुर्चीत येऊन बसले. चौक बंद झाल्याचं यांना माहीत नाही की काय? आता ते आपणच सांगायचं...

"क्लोव्हिसने मलाही फोन केला होता," ते म्हणाले. "मी म्हटलं, चोरबिर कोणी नाही. चपला मीच घेतल्या."

तिने हातातला कप खाली ठेवला. "तुम्ही?"

"लुसीलासाठी घेतल्या असतील." लुसीला, त्यांची बायको, जाऊन नऊ वर्षं झाली होती. "तिला पांढऱ्या आवडायच्या. पण दुकान आठवत नाही. आसाईही आठवत नाही बघ... सकाळपासून आठवतोय."

क्षणभर — आणि या क्षणाची लाज तिला पुढे कितीतरी दिवस पुरणार होती — तिला हायसं वाटलं. सुटले. म्हाताऱ्याने स्वतःच स्वतःवर ओढवून घेतलं, आपण फक्त गप्प राहायचं, गेले वीस दिवस राहिलो तसं. चपलांना मालकीण मिळाली होती, मेलेली असली म्हणून काय झालं...

"इव्हानिल्दे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "माझं डोकं कामातून चाललंय का गं? क्लोव्हिस सांगणार नाही. तू खरं सांग."

दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर दाबून धरले होते, थरथर दिसू नये म्हणून. भीती त्यांच्या सबंध चेहऱ्यावर होती.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं डोकं शाबूत आहे, सेऊ ओस्मारिनो. अगदी शाबूत आहे."

"मग?" ते म्हणाले.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. सकाळपासून ती आपला जीव वाचेल असं एखादं वाक्य शोधत होती. तो शोध आता थांबला होता, नोकरी, क्लोव्हिस, राइसा, सगळं कुठेतरी लांब गेलं होतं. आणि ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत एवढंच ठरवत होती, की सुरुवात चपलांपासून करावी की त्या शनिवारपासून.