गंधमुक्तीची साडी

मोहिनीला स्वतःची खोली मिळणार होती. ही बातमी तिने नववीचा निकाल लागायच्या आधीच निम्म्या जळगावला सांगून टाकली होती. भिंतींचा रंगही ठरला होता, पोपटी. "एवढा पोपटी?" असं आई म्हणाली, तेव्हा मोहिनी म्हणाली, "एवढाच!" वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिला कुठल्याच बाबतीत थोडं थोडं जमत नव्हतं.

खोली मिळायची तर तीन खोल्यांचा फ्लॅट घ्यायला हवा होता, आणि फ्लॅट घ्यायचा तर अमळनेरचं घर विकायला हवं होतं. ते घर आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, तेलाच्या मिलमध्ये नोकरी करता करता बांधलेलं. चार वर्षांपूर्वी आबा गेले आणि दाराला कुलूप लागलं. आता शेजारचे कापडवाले पन्नालालशेठ ते गोदामासाठी घ्यायला तयार होते. बोलणी झाली होती, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत खरेदीखत करायचं ठरलं होतं. उरले होते फक्त कागद.

वकील नूतनताईंच्या ऑफिसात बाबा निवांत बसले होते. सुट्टी होती म्हणून मोहिनीही सोबत आली होती. नूतनताईंनी घराचं प्रॉपर्टी कार्ड टेबलावर पसरलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "ज्ञानेश्वरभाऊ, ही कुंदा लीलाधर बोरसे कोण?"

बाबांनी कार्ड जवळ ओढलं. मोहिनीने कार्डात डोकं घातलं. बाबांच्या नावाखाली खरंच ते नाव होतं.

"कोण कुंदा?" तिने विचारलं.

"अक्का," बाबा हळूच म्हणाले. "तुझी फुई."

फुई म्हणजे बाबांची थोरली बहीण, सोनगीरची लताबाई देवरे. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात 'लता' लिहिलं आणि कुंदा त्या दिवशी संपली. वारसांची नोंद करताना एजंटाने जुनं रेशनकार्ड जोडलं होतं, त्यातून ती परत उगवली होती. बाबांनी कार्ड आणलं तेव्हा स्वतःचं नाव पाहिलं आणि घडी घालून ठेवून दिलं.

"पण अक्कानं तर हक्क सोडलाय," बाबा सावरून म्हणाले. "आबांच्या उत्तरकार्यात, गंधमुक्तीला. मी तिला साडी दिली, आणि बठ्ठ्या भाऊबंदांसमोर ती म्हणाली, माले काही नको."

"हक्कसोडपत्र नोंदवलं?"

"नोंदवायचं काय त्यात? दोनशे माणसं जेवायला होती."

नूतनताई हसल्या नाहीत, पण त्यांच्या पेनाला हसू आवरेना, ते बोटांत नाचायला लागलं. "दोनशे माणसं जेवली म्हणून हक्क सुटत नाही, भाऊ. घराचा हक्क तोंडाने सुटत नाही आणि साडीनेही सुटत नाही. कागद लागतो, तो नोंदवावा लागतो. घर वडिलांच्या कमाईचं, आई आधीच गेलेली. मुलाचा जेवढा, तेवढाच मुलीचा."

"आणि फुईने सही नाही केली तर?" मोहिनीने विचारलं.

"तर तुझे बाबा अख्खं घर विकू शकत नाहीत."

"आणि तिने हक्क सोडलाच नाही, पण विकायला हो म्हणाली तर?"

नूतनताईंनी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "शाबास! तेही चालतं. खरेदीखतात दोघांनी विकणारे म्हणून सही करायची. येईल ते निम्मं निम्मं."

"मोहिनी," बाबा म्हणाले, "खाली जाऊन उसाचा रस पिऊन ये."

रसाचा ग्लास हातात धरून मोहिनीने हिशेब केला. निम्म्यात तीन खोल्यांचा फ्लॅट बसत नव्हता. दोनच बसत होत्या. पोपटी भिंत डोळ्यांसमोरून पुसली गेली.

परतताना बाबा म्हणाले, "अक्काला एवढंच सांगायचं, एक सही हवी. बाकी तिच्या डोक्यात काही घालायचं नाही. आणि तुला खोली हवीये ना?"

 वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी स्टँडपर्यंत गप्प चालली.

आता कुंदा आणि लता एकच आहेत याचा पुरावा हवा होता. नूतनताईंनी शाळेचा दाखला आणि लग्नपत्रिका शोधायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी बापलेकींनी अमळनेरचं घर उघडलं. आत गरम, कोंडलेली हवा होती, आणि त्यात कुठेतरी अजून शेंगदाण्याच्या तेलाचा वास होता. आबा मिलमधून यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला हाच वास असायचा. लहानपणी मोहिनी त्यांच्या कुशीत शिरायची आणि आई ओरडायची, "आता तुलाही साबण लावावा लागणार!" मोहिनीने भिंतीला नाक लावलं. बाबांनी पाहिलं, पण चेष्टा केली नाही.

ट्रंकेत दाखला सापडला: कुंदा लीलाधर बोरसे, इयत्ता नववी, हजेरी उत्तम, शाळा सोडण्याचे कारण 'विवाह'. मोहिनीने ते दोनदा वाचलं. ती स्वतः नुकतीच नववी पास झाली होती. दाखल्याखाली लग्नपत्रिका होती, आणि पत्रिकेखाली झोक्याचा पाट. पाटाच्या एका कोपऱ्यात खिळ्याने कोरलं होतं, 'कुंदा'. वाकडंतिकडं, पण खोल.

"आखाजीला हा पाट निंबाला बांधायचे आबा," बाबा म्हणाले. "अक्का एवढी उंच जायची की आई घाबरून घरात जाऊन बसायची. मी मागून ढकलायचो. ती सारखी ओरडायची, अजून जोरमा!" ते हसले आणि खिडकीशी गेले. अंगणातला निंब खिडकीतून दिसत होता. फांदीवर दोराचा घट्टा तसाच होता.

मोहिनीने पाट वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारला. "हा कशाला?" बाबांनी विचारलं. "असू द्या," ती म्हणाली.

तिथून दोघं सोनगीरला गेले. फुई ओसरीवर सांजोऱ्या लाटत बसली होती, मागे किल्ल्याची टेकडी उन्हात तापत होती. "ये वं मोहनी! किती उंच झायी! ज्ञाना, हिले खावाले देतोस का नही रे, का नुसती शाळाच शिकाडस?" पिठाच्या हातानेच तिने मोहिनीचे गाल धरले.

चहा झाल्यावर बाबांनी कागद काढला. "अक्का, एक सही पाहिजे फक्त. घराचं काम शे."

"आन की." फुईने हात पुसले, पेन घेतलं, मग कागद मोहिनीकडे सरकवला. "तू वाची दाखाड. मना चष्मा फुटेल शे."

मोहिनी वाचायला लागली. "...सदर घरमिळकतीतील माझा संपूर्ण हक्क मी राजीखुशीने, कायमचा..." तिथे ती थांबली. समोर फुईने पाटावरचं वर्तमानपत्र सोडलं होतं आणि ती कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होती. एकदा, परत एकदा.

'पोपटी,' मोहिनीच्या मनात आलं. मग तिने कागद खाली ठेवला.

"फुई, हे सोडायलाच पाहिजे असं नाही."

"मोहिनी!"

"वकीलबाई म्हणाल्यात, बाबा! फुई, घर तुझंही आहे. निम्मं. तू सोडलंस तर बाबा विकतील. आणि सोडलं नाहीस तर तुम्ही दोघं मिळून विकाल. तुझी इच्छा."

 तव्यावरची सांजोरी करपायला लागली, तेव्हा फुईने ती उलटवली.

"ज्ञाना," ती म्हणाली, "हाई तुले माहित व्हतं?"

"कालच कळलं, अक्का. पण तूच म्हणाली होती ना, गंधमुक्तीला, काही नको..."

"त्या दिनले मना बाप गयेल व्हता." फुई ओरडली नाही. "कोनी इचारं, तुले काय पाहिजे. माले तं बापच पाहिजे व्हता. तो कोन देस? मी सांगं, काही नको. तू साडी दिधी, मी लिधी. त्यामा घर कोठे उनं?"

 फुईने कागदाची नीट घडी केली आणि बाबांच्या खिशात घातली.

"माले सोडानं नही शे. इकानं शे. तुनासंगे."

परतीच्या एसटीने दोघं धुळ्याला उतरले. स्टँडवर त्यांनी दोन भजीपावांपैकी मोठा मोहिनीला दिला. "दोनच खोल्या मिळतील," ते म्हणाले.

"माहितीये."

"मग बोललीस कशाला?"

"तिने नववीत शाळा सोडली, बाबा. अजून किती सोडायचं तिने?"

बाबांनी पाव तोडला. मग म्हणाले, "हॉलची एक भिंत पोपटी करू."

नोंदणी कार्यालयात आखाजीच्या आदल्या दिवशी ही गर्दी. पन्नालालशेठ रुमालाने वारा घेत होते. नूतनताईंनी प्रतिज्ञापत्र, दाखला, पत्रिका सगळं लावून ठेवलं होतं. कारकुनाने हाक मारली, "कुंदा लीलाधर बोरसे!"

कुणी उठलं नाही.

"कुंदा लीलाधर बोरसे! आल्यात का?"

मोहिनीने फुईला कोपराने ढोसलं. फुई दचकली, ताडकन उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हजर!"

सगळं ऑफिस हसलं. फुईही हसली, पदर तोंडाला लावून. मग तिने कॅमेऱ्यात पाहिलं, अंगठा टेकवला आणि एकेक अक्षर लावत सही केली. इतक्या वर्षांनी केलेली ती सही पाटावरच्या अक्षरांपेक्षा फार सरळ नव्हती.

किल्ली देताना तिने पन्नालालशेठना विचारलं, "शेठ, उद्याना दिन निंबले हात लावू नका. चालीन?"

"अक्का, उद्याच का? निंब राहू दे की. गोदामाला सावलीच होईल."

दुसऱ्या दिवशी बाबांनी नवा दोर आणला आणि तो जुन्या घट्ट्यावरच बांधला. फुई पाटावर बसली. "सोनगीरले मागली खोली बांधस," ती मोहिनीला म्हणाली. "कुंदाना नावनी. आखाजीले तू येजो. रंग तुना तू सांगजो."

"पोपटी!"

"एवढा?"

"एवढाच!"

बाबा मागे गेले, बाह्या सारल्या आणि ढकललं. पाट वर गेला, बंद खिडकीच्या वर, पत्र्याच्या वर. फुईचं पाऊल निंबाच्या डहाळीला लागलं, पिवळी पानं खाली आली.

"ज्ञाना," वरून आवाज आला, "अजून जोरमा!"