सोबतीला एक बाई

प्रतीक्षाच्या पहिल्या बाळंतपणाला जानकाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती. आहुप्याच्या अलीकडच्या वाडीतून लेकीला जीपमध्ये घालून तिनंच खाली आणलं होतं. पण खोलीच्या दारात नर्स आडवी आली. "नातेवाईक बाहेर." दार लागलं. आतून लेकीचं "आई गं" ऐकू यायचं आणि त्यावर कुणाचं तरी खेकसणं. मग फाडकन चापट मारल्याचा आवाज आला. जानकाबाईनं दार बडवलं. कुणी उघडलं नाही.

मुलगी झाली. दोघी धडधाकट घरी आल्या. दवाखान्याच्या लेखी सगळं व्यवस्थित पार पडलं होतं. प्रतीक्षा मात्र बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. एकदा म्हणाली, "आई, नागडी पाडून ठेवली व्हती मला. पडदासुद्धा नव्हता. झाडूवाला येऊन झाडून गेला. पाणी मागितलं तर नर्स म्हणली, आता कशाला वरडतीस?"

दुसऱ्या खेपेला तिनं सांगूनच टाकलं, "मी तिथं परत जायची न्हाई." वाडीची आशा सेविका शीला समजावून थकली. जावई मंचरला टेम्पोवर होता, तो फोनवर म्हणाला, तिला बरं वाटंल तसं करा. जानकाबाईनं शेवटी मान डोलावली. खरं तर तिलाही ते दार परत बघायचं नव्हतं.

भात काढणी चालू असताना, भर दुपारी, प्रतीक्षा घरातच बाळंत झाली. उकिडवी बसून, आईच्या गळ्यात हात टाकून. मुलगा झाला. घामानं निथळत होती, तरी हसली. "बघ आई, कुणी वरडलं न्हाई."

मग रक्त थांबेना. जानकाबाईनं होती नव्हती ती लुगडी लावली, सगळी भिजली. सरकारी गाडी खालून यायला उशीर लागणार, म्हणून वाडीतलीच जीप काढली. डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा लेकीचा हात जानकाबाईच्या हातात गार पडला होता.

पुढं आरोग्य खात्याची माणसं चौकशीला आली. देवळापुढं बायकांना बसवलं. त्यातल्या एका साहेबानं विचारलं, "एवढा दवाखाना असताना घरी का केलं? अजून अडाणीच राहायचं का?"

बायकांनी पदर तोंडाला लावला. जानकाबाई उठून उभी राहिली.

"माझी पोर अडाणी नव्हती, साहेब. बारावी झाल्याली व्हती. रगात जातं, मानूस मरतं, तिला समदं ठावं व्हतं. तरी तिला तुमचा दवाखाना नको व्हता. का नको व्हता, ते इचारा की!"

साहेब घड्याळाकडं बघायला लागला. पण त्यांच्यात एक नवी डॉक्टरीण होती. यास्मिन तिचं नाव, जुन्नरच्या पेठेतल्या व्यापाऱ्याची मुलगी, दवाखान्यात नुकतीच रुजू झालेली. ती खुर्ची सोडून बायकांत जमिनीवर बसली. "मावशी, कसं असतं तर ती आली असती?"

असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आधी वाडीतली चिमाबाई म्हणाली, सोबतीला आपली एक बाई पाहिजे. दुसरी म्हणाली, पडदा पाहिजे. कुणी गरम पाणी मागितलं, कुणी म्हणालं, उताणं पाडू नका, बसून सोपं जातं. मागून एक बारीक आवाज आला, "मारू नका."

दवाखान्यात पडदा लागला. ओरडणाऱ्या बाईला दुसरं काम दिलं. सोबतीला एक बाई आत घ्यायची, असं ठरलं. बसून बाळंत होण्याचं मात्र जमलं नाही, वरून परवानगी आली नाही. तरी वाडीवरच्या बायका खाली जायला लागल्या. बाजारात भेटल्या की जानकाबाईला म्हणायच्या, "तुझ्यामुळं झालं, बाई." तिला ते चटका बसल्यासारखं लागायचं. ती पिशवी उचलून पुढं व्हायची.

चिमाबाईच्या सुनेला कळा लागल्या तेव्हा चिमाबाई जानकाबाईच्या दारात येऊन उभी राहिली. "मला रगात बघवत न्हाई गं. तू चल आत."

नाही म्हणता येईना. ज्या खोलीच्या बाहेर ती बसली होती, त्या खोलीत जानकाबाई पहिल्यांदाच गेली. पोरगी तिचा हात पिळवटत होती, जानकाबाई तिच्या कपाळावरचा घाम पुसत होती. नर्स हळू बोलत होती. मूल झालं, रडलं. आणि पाठोपाठ रक्त आलं, भळभळा.

यास्मिन तिथंच होती, तिनं नर्सला काहीतरी सांगितलं. नर्सनं एक सुई टोचली, सलाईन लावलं, यास्मिन पोरीचं पोट चोळत राहिली. थोड्या वेळात रक्त ओसरलं. पोरगी पांढरी पडली होती, पण डोळे उघडे ठेवून बाळाला शोधत होती.

जानकाबाई बाहेर येऊन भिंतीला टेकली. चिमाबाई नातू बघायला आत पळाली. हात धुऊन यास्मिन बाहेर आली.

"डाक्टरीनबाई, माझ्या पोरीला बी हेच झालं व्हतं?"

"बहुतेक हेच, मावशी."

"आन् पयल्या खेपेला मी आत असते, तर दुसऱ्या खेपेला ती हितं आली असती. आली असती, तर ती सुई मिळाली असती."

यास्मिन खोटं बोलली नाही. "हो," म्हणाली, आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

संध्याकाळच्या जीपनं जानकाबाई वर गेली. घरी प्रतीक्षाचा मुलगा भुकेला झाला होता. तिनं त्याला मांडीवर घेऊन दूध पाजलं. त्यानंतर वाडीतल्या किती तरी बायका तिला बाळंतपणाच्या सोबतीला बोलवायला आल्या. ती सुई तिला परत बघायची नव्हती; ती कुणाबरोबर गेली नाही.