जळक्या शालीचं भोक

नियेबेसच्या डोक्यात जन्मतःच पाणी साठलेलं. डॉक्टरांनी कानामागून पोटापर्यंत नळी घातली, पाणी उतरलं, पोर वाचली. पण एक डोळा नाकाकडे वळला, तो वळलाच. चष्मा लावूनही भरल्या टेबलावरचा स्वतःचा पेला तिला सापडत नसे. नदीवरून उडणारं टिचभर पाखरू मात्र सगळ्यांच्या आधी तिलाच दिसे.

"सोंग आहे," शाळेच्या गुदेलियाबाई म्हणत. "पाखरू दिसतं, अन् पुस्तकातलं अक्षर दिसत नाही?"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, डोळ्याला दिसलेलं मेंदूतल्या गर्दीत हरवतं, एकेक वस्तू दाखवा. गुदेलियाबाईंना ते पटेना. मैत्रिणी दुसरीत चालल्या होत्या आणि नियेबेस पुन्हा पहिलीतच बसणार होती.

शाळेच्या जत्रेत मी केळी तळत होते. मी तिची धर्ममाता. समोर लोतेरियाचा डाव रंगलेला. बाई पत्ता काढून कोडं घालत, आणि ज्याच्या पुठ्ठ्यावर ते चित्र असेल तो त्यावर घेवड्याचा दाणा ठेवी. एका पुठ्ठ्यावर खेटून बसलेली सोळा चित्रं. दोन डाव झाले, नियेबेसचा पुठ्ठा कोराच.

"पोरी, दाणे पेरायला ठेवलेस का?" नावाडी रुतिलियोकाका हसले.

ती उठून माझ्याकडे आली. "धर्मआई, तुझी फाटकी शाल दे."

"फाटकी नाही गं, ठिणगीनं जळलीय."

"मग जळकी दे."

कालच चुलीपुढं बसून ती त्या भोकातून मला न्याहाळत होती. म्हणाली होती, "आता तू एकटीच आहेस." मला काही उमगलं नव्हतं.

तिनं काळी शाल पुठ्ठ्यावर पसरली आणि भोक एकेका चित्रावरून सरकवलं, ओठांत पुटपुटत. सोळा झाली. मग शाल खांद्यावर घेतली.

बाईंनी पत्ता काढला:

"नदीत पडतो, भिजत नाही,
रोज झिजतो, सरत नाही."

नियेबेसनं बोटानं दोन घरं खाली, एक उजवीकडे मोजलं. चंद्रावर दाणा.

"घंटेआधी उठतो,
पाद्र्याला उठवतो."

वरच्या कोपऱ्यात कोंबडा. दाणा. पुठ्ठ्याकडे ती बघतही नव्हती, बोटंच चालत होती.

पत्ते निघत गेले, दाणे पडत गेले. "लोतेरिया," तिनं जिंकल्याची हाक दिली. सोळाही घरं भरली होती.

"न बघता?" रुतिलियोकाका म्हणाले. "बाई, तपासा बरं."

बाईंनी दाणे झाडले, पुठ्ठा स्वतःच्या छातीशी धरला. "छत्री कुठंय?"

"तिसऱ्या ओळीत, कडेला. तिच्या खाली बेडूक."

बाईंनी पाहिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा पाहिलं. कुठंच चुकली नाही.

"हे इतके दिवस का नाही जमलं?"

"तुम्ही सोळा एकदम दाखवता, बाई. मी एकेक बघितली."

बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. पिशवीतून दुसरीचं पुस्तक काढलं, माझी शाल त्यावर अंथरली, भोक पहिल्या शब्दावर आणलं. नियेबेसनं तो वाचला. मग दुसरा. ओळ संपली तेव्हा शेजारी पोळ्या करणारी तिची आई लाटलेली पोळी हातातच धरून उभी होती.

"सोमवारी दुसरीत बस," बाई म्हणाल्या. "शाल घेऊन ये."

"अन् मी काय पांघरू?" मी विचारलं.

"काहीही पांघर," नियेबेस म्हणाली, "फक्त त्याला भोक पाडू नकोस. आता हे एक पुरे."

केळी करपली होती. सगळ्यांनी ती आवडीनं खाल्ली.